पडद्याचा पंप आणि थेंबभर तेल

भीमेच्या काठी कोरेगाव भीमासारख्या गावात राहणाऱ्या मुलांना ‘मोटारीने हवा धरली’ हे वाक्य काही नवे नाही. नदीत सोडलेल्या नळाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. त्यात काडीकचरा अडकला, किंवा नळाच्या सांध्यातून हवा आत जाऊ लागली, की मोटर नुसती घरघरते आणि पाणी येत नाही. नेमके हेच दुखणे बोटीच्या मागच्या फळीला टांगलेल्या जुन्या एंजिनाला होते. फरक एवढाच की तिथे पाण्याच्या जागी पेट्रोल असते. शेतातली मोटर बंद पडली तर पिकाची एक पाळी चुकते, पण पुराच्या पाण्यात माणसे भरलेल्या बोटीचे एंजिन बंद पडले तर ती प्रवाहाबरोबर पुलाच्या खांबाकडे जाऊ लागते. म्हणून हा लहानसा पंप नीट समजून घेण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आधी एक प्रश्न. बजाज चेतक स्कूटरला पेट्रोलचा पंप का नव्हता? कारण तिची टाकी कार्बुरेटरपेक्षा उंचावर होती. तोटी उघडली की पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे. बोटीत मात्र पेट्रोलची टाकी तळाशी ठेवतात आणि एंजिन तिच्याहून वर असते. म्हणजे पेट्रोल वर चढवावे लागते.

‘चढवणे’ हा शब्द मी सोयीसाठी वापरला. खरे तर पंप काही ओढत नाही. तो आपल्या पोटात दाब कमी करतो, आणि टाकीतल्या पेट्रोलवर बसलेले वातावरण त्याला वर ढकलते. कोरेगाव भीमा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथे वातावरणाचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल भरतो. एवढा दाब पाण्याचा साडेनऊ मीटरांहून थोडा उंच स्तंभ तोलून धरील. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्याचा स्तंभ १३ मीटर व्हायला हवा. पण इथे एक गोम आहे. पेट्रोलची वाफ फार लवकर होते. ३८ अंश सेल्सियसला तिचा दाब ६० किलोपास्कलपर्यंत असू शकतो. ९५ मधून ६० वजा केले की उरले ३५, आणि त्यावर पेट्रोलचा स्तंभ पाच मीटरही चढत नाही. उन्हात तापलेल्या एंजिनाजवळ तर नळीतच वाफेचे बुडबुडे होऊन पेट्रोल अडते. बोटीत चढण एखाद्या मीटरचीच असते, त्यामुळे सहसा भागते. पण नळीला एक बारीक चीर गेली की सगळेच बिघडते. शीतपेयाच्या नळीला टाचणीने भोक पाडून पिऊन पाहा, म्हणजे पटेल.

आता पंपाकडे वळू. त्याला वीज लागत नाही, पट्टा लागत नाही, दातेरी चाकही लागत नाही. मग तो चालतो कशावर? जुनी बोट-एंजिने बहुतेक द्विधाव पद्धतीची. त्यांत दट्ट्या वर गेला की त्याच्याखालच्या क्रँककेसमधला दाब कमी होतो, आणि खाली आला की वाढतो. क्रँककेसला एक छिद्र ठेवून हा चढउतार पंपातल्या पातळ लवचीक पडद्यापर्यंत पोचवतात. पडदा मागे सरकला की एक झडप उघडून पेट्रोल आत येते. तो पुढे आला की ती झडप मिटते, दुसरी उघडते आणि पेट्रोल कार्बुरेटरकडे जाते. आपल्या हृदयातल्या झडपांचे काम हेच, फक्त या पंपाची नाडी फार जलद आहे. मिनिटाला ५००० फेरे घेणाऱ्या एंजिनात हा पडदा तासाला तीन लाख वेळा हलतो. एंजिन तासाला १५ लिटर पेट्रोल खात असेल, तर प्रत्येक हेलकाव्याला वाट्याला येते ०.०५ मिलिलिटर. म्हणजे जेमतेम एक थेंब!

तेलाचे काय? मोटारगाडीच्या एंजिनाखाली तेलाचे भांडे असते. द्विधाव एंजिनात क्रँककेसमधूनच पेट्रोल आणि हवा जात असल्यामुळे तेल साठवायला तिथे जागाच नसते. म्हणून वंगण पेट्रोलबरोबरच पाठवावे लागते. पेट्रोलपंपावर स्कूटरवाले तेल मिसळून घेत, ते याचसाठी. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर तेल पडते.

पण एंजिन मंद चालत असताना एवढे तेल लागत नाही, नुसता धूर होतो. म्हणून १९८४ साली जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकी बोट-एंजिनांवर पेट्रोल आणि तेल यांचा जोडपंप आला. क्रँककेसच्या त्याच दाबावर चालणारा, पण एका अंगाने पेट्रोल आणि दुसऱ्या अंगाने तेल घेऊन दोन्ही मिसळणारा. मंद गतीत दीडशेस एक, वेगात पन्नासास एक. कल्पना सुरेख होती. मात्र दोन कामे एकाच यंत्राकडे दिली की एका बिघाडात दोन्ही बुडतात. पेट्रोल थांबले तर एंजिन नुसते बंद पडते. तेल थांबले आणि पेट्रोल चालूच राहिले, तर दट्ट्या तापून सिलिंडरला चिकटतो आणि एंजिन कामातून जाते. यातला दुसरा बिघाड अधिक घातक, कारण तो घडेपर्यंत एंजिन मजेत चालत असते.

जुन्या पंपांचे पडदे हल्ली लवकर का जातात, याचे एक कारण आपल्या ऊसपट्ट्यातच आहे. आज भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, आणि त्यातले काही उसापासून होते. जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते, कालांतराने ताठ होऊन तडकते. शिवाय इथेनॉल पाणी धरते. बोटीत पाण्याला तोटा नाही! म्हणून नवा पंप घेताना त्याचा पडदा इथेनॉलला टिकणारा आहे ना, हे विचारावे. एव्हिनरूडची एंजिने २०२० नंतर बनत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात पडलेला ‘नवा’ पंपही पारखून घ्यावा लागतो.

पंप काढण्याआधी दोष त्याचाच आहे, याची खात्री करावी. टाकीच्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. एंजिन अडखळू लागताच तो दाबत राहावे. एंजिन सावरले, तर पेट्रोल पोचवण्यात खोट आहे. मग आधी नळ्या, सांधे आणि गाळणी पाहावी, त्यानंतर पंप. दाबाची नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोल ओले दिसले, तर पडदा फाटलाच समजा. त्या फटीतून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये शिरते आणि ठिणगीचे प्लग भिजतात.

हे काम मोठ्या माणसाने, उघड्यावर आणि बॅटरीची तार सोडवूनच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. पेट्रोल, तेल आणि दाब अशा नळ्यांवर खूण करून मगच त्या सोडवाव्यात. सांध्यातली जुनी गास्केटे पुन्हा वापरू नयेत. नव्या पंपाला जोडण्याआधी तेलाच्या नळीतली सगळी हवा काढून टाकावी. इथे जाणते मिस्त्री एक पक्की युक्ती करतात. पहिल्या टाकीत ते पन्नासास एक या प्रमाणात तेल मिसळूनच पेट्रोल भरतात, आणि तेलाच्या टाकीवर पेन्सिलीने रेघ मारतात. नवा पंप तेल घेत नसला, तरी मिसळलेल्या तेलावर एंजिन वाचते. घेत असला, तर थोडा धूर जास्त होईल, बिघडत काही नाही. टाकी संपेपर्यंत तेल रेघेखाली उतरले, म्हणजे पंप तेल घेतो आहे. मग पुढच्या खेपेला साधे पेट्रोल भरायला हरकत नाही. उतरले नाही, तर बोट काठालाच बांधून पुन्हा तेलाच्या नळीपासून तपासायला बसावे.