डब्ल्यूचं वजन काही केल्या जुळेना

सूर्याच्या गाभ्यात दोन प्रोटॉन भिडतात, तेव्हा त्यातल्या एकाचा तिथल्या तिथे न्यूट्रॉन झाला तरच पुढची भट्टी पेटते. हा पालट क्षीण बल घडवून आणतं. तो फार क्वचित जमतो, म्हणून तर सूर्याचं इंधन साडेचार अब्ज वर्षं पुरलं!

गंमत अशी, की या बलाचा मूळ जोर विद्युतचुंबकीय बलापेक्षा कमी नाही. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी १९६०च्या दशकात ही दोन्ही बलं एकाच सिद्धान्तात ओवली आणि १९७९चं नोबेल मिळवलं. फरक पडतो तो वाहक कणांमुळे. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन. त्याला वस्तुमानच नाही. तो हवा तितका दूर जातो. क्षीण बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड हे कण मात्र हिग्ज क्षेत्रामुळे जड होतात. डब्ल्यू प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट, झेड ९७ पट. एवढ्या जड वाहकाची मजल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाइतकीही नसते.

डब्ल्यू आणि झेड १९८३ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. तेव्हापासून डब्ल्यूचं वस्तुमान मोजणं सुरू आहे, आणि ते भलतं किचकट आहे. डब्ल्यू जन्मताच मोडतो. त्यातून निघालेला म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) हाती लागतो, जोडीचा न्यूट्रिनो हा कण पसार होतो. मग लाखो म्यूऑनांच्या आडव्या संवेगाचा आलेख काढायचा. त्याचा उंचवटा डब्ल्यूच्या वस्तुमानाच्या साधारण निम्म्यावर येतो आणि तिथून आलेख एकदम कोसळतो. तो उतार नेमका कुठे सुरू होतो, यावर सगळा हिशेब.

सिद्धान्त सांगतो ८०,३५७ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ गटाने २०२२ मध्ये ८०,४३३ जाहीर केलं, तेही जेमतेम ९ एमईव्हीच्या अनिश्चिततेसह. फरक हजारात एकाहून कमी, पण भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडाली. हा आकडा खरा निघाला, तर सिद्धान्तच अपुरा ठरला असता! २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यात सहभागी आहे) जवळपास तितक्याच काटेकोरपणे ८०,३६० हा आकडा दिला. सर्नच्याच ॲटलास प्रयोगाचा आकडाही त्याच्याच आसपास आहे.

माझा कौल सीएमएसला. मात्र सीडीएफचं नेमकं कुठे चुकलं, हे अजून कुणाला दाखवता आलेलं नाही.