फवारणीचं औषध आणि आपल्या नसा

मैत्रिणींनो, कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "चक्कर आली, मळमळलं, ऊन लागलं असेल." दर वेळी ते ऊनच असतं असं नाही. हे कळायला आपल्या शरीरात निरोप कसे फिरतात ते बघू.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ही मुख्य कचेरी. तिथून मज्जातंतू, म्हणजे नसा, अंगभर जातात. (रक्ताच्या शिरा वेगळ्या.) काही नसा आपल्या मर्जीने चालतात: विळा धरला, खाली ठेवला. काही आपोआप काम करतात: घाम, लाळ, पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके.

नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. नस तिथे अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, की स्नायू आवळतो. दुसरं एक द्रव्य ते रसायन लगेच साफ करतं, की स्नायू सैल होतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी औषधं नेमकं हे साफ करणारं द्रव्यच बंद पाडतात. कीड त्यानेच मरते, आणि आपल्या नसाही तशाच चालतात. मोटारीचं बटण अडकल्यावर पाणी थांबत नाही, तसे निरोप थांबत नाहीत. मग लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, खूप घाम, उलट्या, पोटात मुरडा, अंग फडफडतं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

पंप पाठीवर घेणाऱ्यालाच धोका असतो असं समजू नका. हे औषध कातडीतूनही आत जातं. पाण्यात औषध कालवणं, फवारलेल्या रानात निंदणं, फवारणीचे कपडे धुणं ही कामं बहुतेक आपणच करतो.

अशी लक्षणं दिसली तर:
- माणसाला रानाबाहेर, मोकळ्या हवेत आणा.
- कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्या बाईने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी.
- औषध पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.
- १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्या. कोणतं विष आहे ते कळलं की डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं.

"झोपला की बरा होईल" म्हणून घरी थांबू नका. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि फवारणी करणाऱ्या घरच्या माणसांनाही सांगा.