हरणे तोंड लावत नाहीत अशी सावलीतली सदाहरित झुडपे

सदाहरित म्हणजे पाने गळतात, पण एकदम नाही. झुडूप उघडे पडत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडचे जंगल मात्र पानगळीचे. उन्हाळ्यात चारा आटतो, तेव्हा चितळ-सांबर परसापर्यंत येतात.

कोण येते? चितळ, सांबर आणि भेकर ही हरणे. नराची शिंगे ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. रोही (नीलगाय) हरीण नव्हे. गाय-बैलांच्या कुळातला, शिंगे कायमची. चामोर्शी तालुक्यातच प्राणहितेकाठी चपराळा अभयारण्य आहे (स्थापना 1986).

अडुळसा: पहिली निवड. सदाहरित, अर्धसावलीत तग धरतो, फांदी खोचली तरी जगतो. पाने कडू, वासाला उग्र. त्यांत व्हॅसिसीन हे द्रव्य. शेळीही सहसा टाळते, मग हरणाचे काय!

क्रोटन: चीक त्वचेला झोंबतो. दाट सावलीत पानांचे रंग फिके पडतात.

कण्हेर: सर्वांगी विषारी. गुरे किंवा लहान मुले असतील तिथे नको. सावलीत फुले कमी.

निर्गुडी: वास उग्र, कुंपणाला जुनी; पण ऊन लागते.

घाणेरी (टणटणी): जनावरे टाळतात, तरी लावू नये. जंगलभर पसरणारे परदेशी तण.

हमखास खाल्ली जाणारी: जास्वंद, गुलाब.

लक्षात घ्या: टंचाईत भुकेले हरीण एरवी टाळलेला पालाही चावते. सावली मोहाची असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये खाली पडणाऱ्या फुलांसाठी चितळ येणारच. झुडूप कोणतेही असो.