घाटाच्या पायथ्याची सराई

आमच्या देऊळघाटहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालं, की घाट उतरल्यावर लेण्यांचा फाटा लागतो. बहुतेक गाड्या तिथेच वळतात. थोडं पुढे फर्दापूर गाव आहे नि गावात एक जुनी सराई आहे, तिकडे कोण जातं? मीही दोनदा तशीच परतले. तिसऱ्या खेपेला मात्र मुद्दाम पुढे गेले.

सराई म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. मोगलांच्या वेळी बुऱ्हाणपूरहून औरंगाबादला जाणारा मोठा रस्ता ह्याच घाटातून जाई. चढण चढण्याआधी माणसाला नि बैलांना विसावा हवाच. ही सराई औरंगजेबाच्या काळातली मानतात. अशा सराईंचा घाट साधारण ठरलेला असे: चारी बाजूंनी भिंत, भिंतीला लागून कमानीच्या खोल्या, मधे ऐसपैस अंगण, पाण्याला विहीर, नमाजाला मशीद.

पण बायकांचं लक्ष आधी चुलीकडे जायचं! इथे रांधत कोण होतं? सराईत भटियारे राहत. ते नवरा-बायको मिळून उतारूंच्या खाटा टाकत, पाणी तापवत, जेवण करून वाढत. आपला ‘भटारखाना’ हा शब्द त्यांच्याच घरातला.

सतराव्या शतकात आपल्या देशात राहिलेल्या मनुची ह्या इटालियन माणसाने सराईंची रीत लिहून ठेवली आहे. दिवस मावळला की दरवाजे बंद. सकाळी ते उघडण्याआधी पहारेकरी तीनदा ओरडून सांगे, आपापलं सामान बघून घ्या. कुणाचं काही गेलं असेल, तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे.

हे वाचलं नि मला माझी एक रात्र आठवली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शेवटची एस.टी. चुकली. तान्ह्या मुलीला पदराखाली घेऊन मी एका स्टँडवर बसून होते. दिवा नव्हता, कडी लावायला दार नव्हतं. मंगळसूत्र मुठीत धरून उजाडायची वाट पाहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईला जे मिळे, ते मला मिळालं नव्हतं.

म्हणूनच की काय, ज्यांच्या हाती सत्ता होती अशा बायकांनी मुक्कामाच्या जागा आठवणीने बांधल्या. शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने दिल्लीत सराई उभारली. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थांच्या वाटेवर धर्मशाळा नि विहिरी बांधल्या. दमून आलेल्याला काय लागतं, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लेणी पाहून झाल्यावर अर्धा तास हाताशी ठेवा. मुलांना सराईच्या दरवाजाशी न्या आणि पहाटेच्या त्या तीन हाकांची गोष्ट तिथेच सांगा.