डेंग्यूची लस कोणासाठी?

पीतज्वराचा विषाणू एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो आणि त्यावरची १७डी ही लस १९३७ पासून वापरात आहे. ती तयार करणारे मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका मात्रेत बहुतेकांना जन्मभर पुरणारी ही लस आजही दिली जाते. जपानी मेंदूज्वरावरही लशी आहेत. त्यांतली एक तर कोलारच्या रुग्णात सापडलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जतन केलेल्या विषाणूपासून हैदराबादेत तयार झाली. मग त्याच एडिस डासाने पसरणारा, पीतज्वराच्याच कुळातला डेंग्यू इतकी वर्षे हुलकावणी का देतो? गरीब देशांचा आजार म्हणून औषध कंपन्यांनी दुर्लक्ष केले, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण मुख्य अडचण आजाराच्या स्वभावातच आहे. ती नीट समजली, तर भारतात तयार होत असलेल्या लशीला कोणते प्रश्न विचारायचे हेही कळेल. ‘किती टक्के परिणामकारक?’ एवढे विचारून भागणार नाही. कोणाला, चारांपैकी कोणत्या प्रकाराविरुद्ध आणि किती वर्षे, हे कळल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही, असे माझे म्हणणे आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर तिघांपासून मात्र ते जेमतेम काही महिने टिकते, हे अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. हे काही महिने सरले की माणूस नुसता पूर्वपदावर येत नाही. दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर त्याचा धोका वाढलेला असतो. पहिल्या वेळची प्रतिपिंडे नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट ज्या पेशींत विषाणू वाढतो त्यांच्यातच त्याला घेऊन जातात, म्हणजे राखणदारानेच चोराला आत घ्यावे तसे. क्युबात याचा पडताळा मिळाला. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराच्या साथीत ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण झाले आणि १५८ जण दगावले. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे कुबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते जवळजवळ सगळे प्रौढ होते आणि त्यांना वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रकाराची लागण होऊन गेलेली होती. निकाराग्वातील मानाग्वा शहरात आठ हजारांहून अधिक मुलांचे रक्त वर्षानुवर्षे तपासून २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने यात नेमकेपणा आणला. प्रतिपिंडे अजिबात नसलेल्या किंवा भरपूर असलेल्या मुलांच्या मानाने मधल्या एका ठरावीक पातळीची प्रतिपिंडे असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वाधिक होता. प्रतिपिंडे नसलेल्यांच्या तुलनेत तो साडेसात पटींहून जास्त भरला. लशीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अर्धवट संरक्षण देणारी किंवा प्रभाव ओसरत जाणारी लस काही जणांना लस न घेण्यापेक्षाही महागात पडू शकते. देवी, पोलिओ यांच्या बाबतीत ही भीती कधी नव्हती.

हे सगळे माहीत असूनही पहिली लस नेमकी इथेच ठेचकाळली. फ्रान्सच्या सनोफी पाश्चर कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही लस १७डी विषाणूच्या सांगाड्यावर डेंग्यूच्या चारही प्रकारांची आवरणे चढवून बनवलेली होती. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या तीन मात्रा घ्यायच्या. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत तिची परिणामकारकता साधारण ५७ ते ६१ टक्के आली आणि २०१५ च्या अखेरीस मेक्सिकोने तिला पहिली मान्यता दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या माहितीत एक खटकणारी गोष्ट होती. आशियातल्या चाचणीत तिसऱ्या वर्षी दोन ते पाच वयोगटातली लस घेतलेली मुले डेंग्यूने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांच्या सात पटींहून जास्त होते. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. कारण मुलांचे वय, की त्यांना आधी डेंग्यू झालेला नसणे? हे ठरवायला लसीकरणापूर्वीचे रक्त हवे आणि ते चाचणीतल्या थोड्याच मुलांचे घेतलेले होते! माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच. मग नऊ वर्षांखालील मुले वगळायची, असा सोपा तोडगा निघाला आणि एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्सने शाळांतून लसीकरण सुरू केले. आठ लाखांहून अधिक मुलांना लस दिली गेली. पुढे संशोधकांनी नंतरच्या साठवलेल्या रक्तातून वाट काढली. लशीचा सांगाडा पीतज्वराचा असल्याने डेंग्यूच्या एनएस१ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली तर ती बहुतांशी खऱ्या लागणीतून आलेली, असे धरता येत होते. त्यातून जो हिशेब लागला तो असा. आधी डेंग्यू होऊन गेलेल्या मुलांत पाच वर्षांत रुग्णालयात जाण्याचे प्रमाण लशीमुळे २.४७ टक्क्यांवरून ०.७५ टक्क्यांवर आले. कधीच न झालेल्यांत मात्र ते १.८७ वरून ३.०६ वर गेले. ज्याच्या रक्ताने डेंग्यू पाहिलेलाच नव्हता, त्याच्यासाठी लस ही पहिली लागण ठरत होती आणि नंतर चावणारा डास दुसरी लागण देत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे जाहीर केले आणि फिलिपिन्सचा कार्यक्रम थांबला.

यावर सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. फिलिपिन्समध्ये बहुसंख्य मुलांना आधीच डेंग्यू होऊन गेलेला होता. तेव्हा एकूण बेरीज पाहिली तर लशीने जितकी मुले रुग्णालयात धाडली त्याहून कितीतरी जास्त वाचवली असती. मग कार्यक्रम थांबवणे हेच नुकसानीचे नव्हते का? गणित बरोबर आहे. पण लस धडधाकट मुलाला टोचली जाते आणि आईबाप तिला होकार देतात ते आपल्या मुलापुरता विचार करून. देशाच्या सरासरीशी त्यांचे देणेघेणे नसते. ज्याचा धोका वाढणार आहे असे मूल रक्ततपासणीने ओळखता येत असताना ते न ओळखता टोचणे, हे सरासरीच्या आड लपणे झाले. शिवाय बेरजेत विश्वासाची वजाबाकीही धरावी लागते. लशी महत्त्वाच्या आहेत असे ठामपणे म्हणणारे फिलिपिनो २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ मध्ये ३२ टक्के उरले. आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. साथीची कारणे इतरही होती, पण हा धक्का त्यांतले एक नव्हते असे म्हणवत नाही.

पुढच्या लशींनी यातून धडा घेतला. जपानच्या ताकेदा कंपनीच्या क्यूडेंगाच्या चाचणीत सुमारे वीस हजार मुले होती आणि सुरुवातीलाच सर्वांचे रक्त घेतले गेले. पहिल्या वर्षीची परिणामकारकता ८० टक्के, साडेचार वर्षांनी ६१ टक्के. रुग्णालयात जाण्यापासूनचे संरक्षण मात्र तोपर्यंत ८४ टक्के. आकडे चांगले आहेत. तरी आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत तिसऱ्या प्रकाराविरुद्ध फायदा दिसला नाही, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ती ६ ते १६ वयोगटासाठी, तेही डेंग्यूचा फैलाव जास्त असलेल्या भागांपुरती सुचवली. ब्राझीलच्या बुतांतान संस्थेची एकाच मात्रेची लस मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घडलेली. तिची दोन वर्षांची परिणामकारकता ७९.६ टक्के आली आणि आधी डेंग्यू न झालेल्यांतही ती ७३ टक्क्यांच्या वर होती. पण त्या दोन वर्षांत ब्राझीलमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराचा रुग्ण चाचणीत आढळलाच नाही. म्हणजे चार शत्रूंपैकी दोघांशी सामना झालाच नाही.

लशीच्या एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा डासच आवरावेत, असेही सुचवले जाते. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया जीवाणू असलेले डास सोडल्यावर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हा पुरावा भक्कम आहे. डास आवरायला हवेतच. पण सिंगापूरने अनेक दशके हेच कसोशीने केले आणि त्याचा परिणाम असा, की तिथल्या तरुण पिढीत डेंग्यू कधीच न झालेल्यांचे प्रमाण खूप वाढले. डास थोडे असूनही साथी परतल्या. डासनियंत्रण जितके यशस्वी, तितके कोरे रक्त जास्त. अशा लोकांसाठी कोणती लस सुरक्षित, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही, मोठाच होतो.

भारतात हा प्रश्न जिल्ह्यागणिक बदलतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशात ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेल्याचे आढळले. दक्षिणेत हे प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्र ज्यात येतो त्या पश्चिम भागात ६२, आणि ईशान्येत अगदी थोडे. वयानेही फरक पडतो: ५ ते ८ वर्षांच्या मुलांत २८ टक्के, तर १८ ते ४५ वयोगटात ५६. बुतांतानच्याच मूळ वाणावर आधारलेल्या, पॅनेशिया बायोटेकच्या डेंगीऑल या एका मात्रेच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. १९ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक जण आणि दोन वर्षांचा पाठपुरावा असे तिचे स्वरूप ठरले. हे सगळे प्रौढ आहेत. म्हणजे त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना डेंग्यू आधीच भेटून गेलेला असणार. जो एक आकडा मथळ्यात छापला जाईल, त्यात या लोकांचे पारडे जड असेल. लगेच मुलांसाठीही मागणी होईल आणि दर पावसाळ्यात रुग्णालये भरताना पाहणाऱ्याला ती चूक म्हणता येणार नाही. पण प्रौढांच्या आकड्यावरून सहा वर्षांच्या मुलाला लस देण्याआधी, जिथे बहुतेकांना डेंग्यू झालेलाच नाही अशा भागांतल्या मुलांची, लस टोचण्यापूर्वी प्रत्येकाचे रक्त घेऊन केलेली आणि किमान चार-पाच वर्षे चालवलेली वेगळी चाचणी लागेल. तिला खर्च येईल, वेळ जाईल. फिलिपिन्समध्ये नेमकी हीच पायरी गाळली गेली होती.