गारठूनही न जुळणारे चुंबक

पदार्थ थंड करत नेला की त्यातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, घटत जाते, हे आपण कॉलेजात शिकतो. डिस्प्रोशियम टायटनेटचा स्फटिक मात्र याला सहजी दाद देत नाही.

यातले डिस्प्रोशियमचे अणू चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर असतात आणि प्रत्येक कोपरा दोन चतुष्फलकांत सामाईक असतो. प्रत्येक अणू हा इवलासा चुंबक. त्याच्या स्पिनला दिशा दोनच, चतुष्फलकाच्या आत किंवा बाहेर. चौघांचंही एकदम समाधान होऊच शकत नाही. सर्वांत कमी ऊर्जेची तडजोड म्हणजे दोन आत, दोन बाहेर. एकूण १६ मांडण्यांपैकी ६ मांडण्या हा नियम पाळतात, आणि सहाही तोडीस तोड! मग एकीचीच निवड व्हावी तरी कशी?

साध्या बर्फातही हेच घडतं. तिथे प्रत्येक ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जवळ आणि दोन लांब असतात. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये या नियमावरून बर्फात शिल्लक राहणाऱ्या एन्ट्रॉपीचा हिशोब मांडला. तोच हिशोब स्पिनना लावला, तर सुमारे २९ टक्के एन्ट्रॉपी उरायला हवी. आर्थर रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ०.२ केल्विनपासून वर उष्णताधारकता मोजत बेरीज केली, तेव्हा जवळपास तेवढीच एन्ट्रॉपी कमी भरली. बर्फाशी असलेल्या या साम्यामुळेच अशा पदार्थाला ‘स्पिन आइस’ म्हणतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. एक स्पिन उलटला की एका चतुष्फलकात तीन आत, शेजारच्यात तीन बाहेर. हे दोन बिघाड एकमेकांपासून दूर सरकू शकतात आणि सुट्या उत्तर-दक्षिण ध्रुवांसारखे वागतात, असं २००८ मध्ये कास्टेलनोवो, मोसनर आणि शिवाजी सोंधी यांनी मांडलं.