सोन्याआधी जमीन बोलते

१९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, किंगोवर गावाजवळ, केविन हिलियर यांना मेटल डिटेक्टरच्या मदतीने सोन्याचा सुमारे २७ किलोचा गोळा सापडला. 'हँड ऑफ फेथ' या नावाने तो जगभर गाजला. अशी बातमी वाचली की वाटते, यंत्र हाती आले की नशीब उघडलेच! पण त्याच भागात डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत खिळे, पत्र्याचे तुकडे आणि बंदुकीच्या जुन्या गोळ्याच जमा होतात. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

यंत्राला काय कळते?

डिटेक्टरच्या खालच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्याला कॉइल म्हणतात. त्यातून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला तर त्यात विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि त्याचा प्रतिसाद आवाजाच्या रूपाने कानी पडतो. म्हणजे यंत्राला सोने 'दिसत' नाही. विजेची वाहकता आणि चुंबकत्व एवढेच त्याला कळते.

अडचण इथेच आहे, कारण मातीतही लोह असते. शाळेच्या मैदानातल्या मातीतून लोहचुंबक फिरवून पाहा, काळे बारीक कण त्याला चिकटतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. कोकणातला लाल जांभा लोहामुळेच लाल असतो. व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या पट्ट्यातही लोहयुक्त माती आणि दगड भरपूर आहेत. अशा जमिनीचा गोंगाट सोन्याच्या बारीक कणाचा आवाज सहज गिळून टाकतो. ओल्या खारट जमिनीतून वीज वाहते, त्यामुळे तीही यंत्राला फसवते.

सेटिंग म्हणजे जमिनीशी जुळवून घेणे

म्हणून जाणकार माणूस आधी 'ग्राउंड बॅलन्स' करतो. धातू नसलेल्या जागी कॉइल काही वेळा वर-खाली करायची आणि आवाज एकसारखा होईपर्यंत यंत्र जुळवायचे. दहा पावलांवर मातीचा रंग बदलला की हे काम पुन्हा करायचे.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटीची. नवखा माणूस ती शेवटपर्यंत वाढवतो आणि यंत्र सतत किरकिरू लागते. अनुभवी माणूस ती थोडी कमी करतो. मागे चालू असलेली मंद गुणगुण स्थिर राहिली, तरच तिच्यातला बारीकसा बदल ऐकू येतो.

बारीक कणांसाठी जास्त फ्रिक्वेन्सीची यंत्रे उपयोगी पडतात, काही तर ७१ किलोहर्ट्झवर चालतात. मात्र फार लोहयुक्त जमिनीत 'पल्स इंडक्शन' प्रकारची यंत्रे सरस ठरतात. मोठी कॉइल खोलवर पोहोचते, पण ती गोंगाटही जास्त गोळा करते. छोटी कॉइल बारीक कण चांगले पकडते.

लोखंड वगळण्याची सोयही यंत्रात असते. पण सोन्याचा बारीक कण यंत्राला कधी कधी लोखंडासारखाच भासतो. म्हणून खरा शोधक शंका येईल ती प्रत्येक जागा उकरून पाहतो. हे काम घाईचे नाही. कॉइल जमिनीलगत, सावकाश फिरवावी लागते. सब्र हवा!

कायदा आणि फसवणूक

व्हिक्टोरियात हौशी शोधकाला 'मायनर्स राइट' हा परवाना घ्यावा लागतो. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते आणि उकरलेला खड्डा बुजवावा लागतो. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.

ही माहिती घराघरांत पोहोचायला हवी. गुप्तधनाच्या नावाखाली भोळ्या माणसांच्या कष्टाच्या कमाईवर डल्ला मारणारे आपल्या आसपास आहेत. 'हे यंत्र लांबूनच फक्त सोने दाखवते' असे कुणी सांगितले तर सरळ समजावे, तो खोटे बोलतो आहे. तांदळाच्या दाण्याएवढे सोने चांगल्या डिटेक्टरलाही काही सेंटिमीटरपर्यंतच कळते. त्याला लांबचे कळत नाही आणि खालचा धातू सोनेच आहे, याची खात्रीही देता येत नाही. पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला एकच विचारावे: या जमिनीतल्या लोहाचे तुमचे यंत्र काय करते? उत्तर देता आले नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.